बोचरी किक मऊ कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांकडून किकबद्दल (किक ड्रम, म्हणजे तालातला खालचा "धम्म" ठोका) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दिलेले आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. प्रत्येक सॅम्पलला ते थोडे पुढेमागे सरकवावे लागतात.

१. किक "बोचते" म्हणजे नेमकं काय होतं?

किकचे ढोबळ तीन भाग पडतात. पहिल्या ५ ते २० मिलिसेकंदांत येते ती "टक्क". तिच्या मागोमाग ८० ते २०० हर्ट्झचा ठोसा येतो आणि सगळ्यात शेवटी ४० ते ६० हर्ट्झचा घुमारा. बोच जवळजवळ नेहमी त्या टक्कमध्ये असते, तीही २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास येत असल्यामुळे हा पट्टा आपल्याला सर्वांत तीव्र ऐकू येतो. म्हणून मीटरवर जेमतेम दिसणारी ऊर्जासुद्धा तिथे सुईसारखी टोचते.

दोन जवळच्या तक्रारी मात्र वेगळ्या आहेत. किक खरखरत असेल, तर कुठेतरी सिग्नल फाटतोय (प्रश्न ९ आणि १२). रिकामा डबा बडवल्यासारखी ठणठण येत असेल, तर दोष ३०० ते ६०० हर्ट्झला आहे. तिथे २ ते ४ डेसिबल कापलं की बहुतेक वेळा काम भागतं. टक्कवरचे उपाय या दोन्हींना लागू पडत नाहीत.

२. बोच नेमकी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे, हे कसं शोधायचं?

इक्यूचा (इक्वलायझर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे कमीजास्त करणारं साधन) अरुंद उंचवटा करून तो इकडून तिकडे फिरवायची पद्धत सगळ्यांना माहीत असते. तिच्यात एक खोट आहे: १२ डेसिबल वाढवलेली कोणतीही फ्रिक्वेन्सी वाईटच ऐकू येते. मग माणूस जिथे काही बिघडलेलं नाही तिथेही कापत सुटतो.

त्यापेक्षा उलट दिशेने जा. पूर्ण मिक्स चालू ठेवा, किकवर लो-पास फिल्टर (ठरावीक आकड्याच्या वरचं कापणारा) लावा आणि २० किलोहर्ट्झवरून हळूहळू खाली या. ज्या ठिकाणी चिडचीड थांबते, तो आकडा लिहून ठेवा. मग फिल्टर काढा आणि त्या आकड्याच्या आसपास ४ डेसिबलचा रुंद खड्डा करून पाहा. बोच गेली, तर जागा सापडली. लो-पास १ किलोहर्ट्झपर्यंत आणूनही बोच तशीच राहिली, तर ती किकमधून येतच नाही. थेट प्रश्न ११ वर जा.

३. इतकी प्लगिन आहेत. सगळ्यात आधी कशाला हात घालू?

प्लगिनला नाही, सॅम्पलला. मऊ किक हवी असताना कडक सॅम्पल निवडून त्यावर पाच प्लगिन चढवण्यापेक्षा दुसरं सॅम्पल घेणं कधीही बरं. तेच सॅम्पल ठेवायचं असेल, तर वेव्हफॉर्म पूर्ण मोठा करून त्याची सुरुवात बघा. लहर शून्यापासून सुरू न होता मध्येच उभी राहिली असेल, तर त्या उडीतच टक्क आहे. अचानक उडी घेणाऱ्या लहरीत खालपासून वरपर्यंत सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात.

उपाय सोपा आहे. सुरुवातीला १ मिलिसेकंदाचा फेड-इन द्या किंवा सॅम्पलरचा अटॅक तेवढा करा. पुरलं नाही, तर २, मग ३. यातला प्रत्येक मिलिसेकंद स्पष्ट ऐकू येतो, म्हणून घाई करू नका. ५ च्या पुढे गेलात की ठोसाही विरघळायला लागतो आणि किक थोडी उशिरा पडल्यासारखी वाटते. या पानावर विचारल्या जाणाऱ्या निम्म्या अडचणी या एका पायरीवर सुटतात, असं आमचं ठाम मत आहे.

४. मी किक सिंथवर बनवतो. सॅम्पल नाहीच, मग फेड-इन कुठे देऊ?

सिंथवर काम करणाऱ्याला खरं तर जास्त मोकळीक असते, कारण टक्क जिथे जन्मते ती जागाच त्याच्या हातात असते. तीन गोष्टी क्रमाने तपासा.

पहिली, पिच एन्व्हलप, म्हणजे सूर वेळेनुसार कसा उतरतो त्याचा वक्र. साइन लहर किती उंचीवरून खाली येते यावर सगळं अवलंबून असतं. ३ किलोहर्ट्झवरून ५० हर्ट्झपर्यंत कोसळणारी किक बोचणारच. सुरुवात २५० ते ४०० हर्ट्झवर आणा, उतरण्याचा वेळ ३० ते ६० मिलिसेकंद ठेवा. वक्र आधी तीव्र आणि मग सपाट होत जाणारा हवा. सरळ रेषेत उतरवली आणि वेळ वाढवला, तर "प्यूं" असा खेळण्यातल्या बंदुकीचा आवाज येतो. थोडी टक्क हवीच असेल, तर दुसरा एन्व्हलप जोडा: १ किलोहर्ट्झच्या आसपासून सुरू होणारा, ५ ते ८ मिलिसेकंदांत संपणारा, आणि प्रमाणात अगदी कमी.

दुसरी, ऑसिलेटरचा सुरुवातीचा फेज, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या बिंदूपासून निघते ते. साइन ० अंशावर सुरू झाली तर लहर शून्यातून निघते. ९० अंशावर सुरू झाली तर ती थेट शिखरावरून निघते आणि फुकटची टक्क मिळते. फेज मोकळा सोडलेला असेल, तर एक ठोका मऊ आणि पुढचा कडक अशी गंमत होते, आणि त्याचं कारण शोधण्यात वेळ जातो. फेज रिट्रिगर चालू करा आणि ० वर बांधा.

तिसरी, नॉइझ. बऱ्याच किक सिंथमध्ये टक्कसाठी नॉइझचा छोटा फवारा वेगळा असतो. त्याची पातळी ६ डेसिबलने उतरवा किंवा त्याच्यापुरता लो-पास ४ किलोहर्ट्झवर लावा.

१९८३ च्या रोलँड टीआर-९०९ मध्ये हेच काम "अटॅक" नावाची कळ करते, तर १९८० च्या टीआर-८०८ मध्ये "टोन". दोन्हींच्या नकला करणाऱ्या प्लगिनमध्येही या कळा सहसा त्याच नावाने सापडतात. इक्यू उघडण्याआधी त्या फिरवून पाहा.

५. इक्यूने किती कापायचं?

प्रश्न २ मध्ये सापडलेल्या जागी रुंद खड्डा: क्यू (आकडा जितका मोठा, तितका खड्डा अरुंद) १.५ ते २.५, खोली २ ते ४ डेसिबल. त्यावर हवं तर ६ किलोहर्ट्झपासून वर २ डेसिबल उतरवणारा शेल्फ. लो-पास लावायचाच असेल, तर १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा सौम्य उतार घ्या आणि ७ ते १० किलोहर्ट्झवर थांबा. ६ डेसिबलपेक्षा जास्त कापावं लागत असेल, तर प्रश्न ३ वर परत जा; दोष मुळात आहे.

दोन चुका फार दिसतात. क्यू ८-१० चे अरुंद खड्डे टक्कसारख्या क्षणिक आवाजावर स्वतःच किणकिणायला लागतात. दुसरी चूक म्हणजे लिनिअर-फेज इक्यू. नाव भारदस्त आहे, पण किकवर त्याचा प्री-रिंगिंगचा दोष उघडा पडतो: ठोका पडण्याच्या आधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते आणि ठोशाची धार बोथट होते. किकवर साधा मिनिमम-फेज इक्यूच वापरा.

६. साध्या इक्यूऐवजी डायनॅमिक इक्यू (पट्टा मोठा झाला की तेवढ्यापुरताच दाबणारा) जास्त चांगला नाही का?

एकाच सॅम्पलची, एकाच व्हेलॉसिटीची (ठोक्याच्या जोराची) किक असेल, तर फरक जवळजवळ पडत नाही. टक्क संपली की ३ किलोहर्ट्झला किकमध्ये उरतंच काय? जिथे उरलेलं नाही तिथे इक्यू कायम दाबून ठेवला काय आणि क्षणभर दाबला काय, कानाला सारखंच.

डायनॅमिक इक्यूची गरज पडते ती ठोके कमीजास्त जोराचे असतात तेव्हा, लूपवर काम करताना (प्रश्न १९), किंवा किक लांब आणि डिस्टॉर्ट केलेली असते तेव्हा (प्रश्न १८). वापरताना अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत ठेवा. १० ठेवलात, तर तो जागा होईपर्यंत टक्क निघून गेलेली असते.

७. ट्रान्झिएंट शेपरने (आवाजाची सुरुवात कमीजास्त करणारं प्लगिन) काम होईल?

हो, आणि झटपट होतं. अटॅक उणे १५ ते उणे ३० टक्के. मात्र साधा शेपर टक्कबरोबर ठोशाची सुरुवातही दाबतो. मल्टिबँड शेपर असेल, तर फक्त १.५ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यावर लावा. खालचा धक्का शाबूत राहतो.

८. मऊ करायला कॉम्प्रेसर लावला, तर किक उलट जास्तच बोचायला लागली. असं का?

कारण कॉम्प्रेसरचा (मोठे आवाज दाबणारं साधन) अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करायला लागणारा वेळ, मंद आहे. २० ते ३० मिलिसेकंदांचा अटॅक टक्कला न अडवता जाऊ देतो आणि तिच्यामागच्या ठोशाला दाबतो. मग मेकअप गेनने (दाबल्यामुळे घटलेली पातळी भरून काढणारी वाढ) सगळं वर उचललं की टक्क पूर्वीपेक्षा उंच होते. ही सेटिंग किकला धार देण्यासाठी वापरतात, आणि तुम्हाला हवंय त्याच्या बरोबर उलटं.

मऊ करण्यासाठी अटॅक ०.५ ते ३ मिलिसेकंद, रेशो ३:१ ते ४:१, आणि टक्क पडताना ३ ते ४ डेसिबलची घट. रिलीज (दाबणं सोडायला लागणारा वेळ) ६० ते १०० मिलिसेकंद. रिलीज यापेक्षा फार कमी केलात तर वेगळीच अडचण उभी राहते: ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, आणि तेवढा चपळ कॉम्प्रेसर ठोक्याच्या जागी लहरीच्याच चढउतारामागे धावतो. त्यातून खरखर येते. दुसऱ्या टोकाला, पुढच्या ठोक्याआधी तो पूर्ण सुटायला हवा. १२८ बीपीएमला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंद असतात, त्यामुळे १०० पर्यंतच्या रिलीजला भरपूर जागा आहे.

९. सॅच्युरेशनने किक मऊ होते म्हणतात. पण ते तर वरचे हार्मॉनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) वाढवतं ना?

वाढवतं, तरीही मऊ करू शकतं. सॉफ्ट क्लिपिंग किंवा टेपसारखं सॅच्युरेशन शिखरं गोल करतं. टक्क हेच सर्वांत उंच शिखर असेल, तर आधी तीच दबते. शिवाय ५० हर्ट्झच्या मूळ सुराचे १००, १५०, २०० हर्ट्झचे हार्मॉनिक्स वाढल्यामुळे किकचं अंग भरतं आणि त्या तुलनेत टक्क मागे जाते. ड्राइव्ह २ ते ४ डेसिबल पुरे.

बिघडतं ते दोन ठिकाणी. हार्ड क्लिपर शिखरं सपाट कापतो आणि त्या कोपऱ्यांतून विषम हार्मॉनिक्सची रांग थेट २ ते ५ किलोहर्ट्झपर्यंत पोहोचते. दुसरं म्हणजे एलियासिंग. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २२.०५ च्या वर तयार झालेले हार्मॉनिक्स परत खाली दुमडतात आणि सुराशी काही नातं नसलेली, काचेसारखी किरकिर होते. प्लगिनमध्ये ४ पट ओव्हरसॅम्पलिंग चालू करा. सॅच्युरेशन करून झाल्यावर प्रश्न ५ मधला सौम्य लो-पास लावलात तर उरलेली धारही जाते.

१०. तीन लेयर जोडून किक बनवली आहे. एकेक लेयर चांगला, एकत्र मात्र टोकदार आणि पोकळ. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा टक्क वाढलेली नसते, खालचं अंग हरवलेलं असतं. दोन लेयरचे खालचे भाग एकमेकांना खोडतात आणि टक्क उघडी पडते. ५० हर्ट्झचं अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला ४४१ सॅम्पल. एक लेयर तेवढा सरकला, तर ५० हर्ट्झ जवळपास नाहीसा होतो.

आधी एका लेयरची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐका. किक भरली, तर तशीच ठेवा. नाही भरली, तर लेयर २०-३० सॅम्पलने पुढेमागे सरकवत सर्वांत भरीव जागा शोधा. मग कामाची वाटणी करा: ठोसा आणि घुमारा एकाच लेयरकडे, टक्कच्या लेयरवर ८०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर). आता टक्कचा लेयर ३ ते ६ डेसिबल उतरवा. हाय-पासमुळे फेज पुन्हा हलतो, म्हणून पोलॅरिटीची तपासणी शेवटी एकदा परत करा.

११. सोलोमध्ये किक मऊ आहे, मिक्समध्ये बोचते. हे कसं काय?

मग बोच किकची नाही. किकच्याच क्षणी वाजणाऱ्या दुसऱ्या कशाची तरी आहे. ट्रॅक एकेक करून बंद करत जा. क्लॅप, हाय-हॅट, पर्कशन नेहमीचे संशयित, कारण ते ग्रिडवर नेमके किकच्या डोक्यावर बसतात. हॅट ५ मिलिसेकंद मागे सरकवली किंवा २ डेसिबल उतरवली की किक मऊ झाल्यासारखी वाटते.

कमी लक्षात येणारा संशयित म्हणजे बेसवरचं साइडचेन, म्हणजे किकच्या इशाऱ्यावर बेस दाबण्याची सोय. किक पडताक्षणी बेसचा आवाज ० मिलिसेकंदांत खाली खेचला, तर बेसची लहर मध्येच तुटते आणि त्या तुटण्याची टक्क बरोबर किकवर येऊन बसते. कितीतरी जण ही टक्क किकवर इक्यू लावून काढायचा प्रयत्न करतात. बेस बंद केल्यावर ती गेली, तर साइडचेनचा अटॅक ३ ते ५ मिलिसेकंद करा. व्हॉल्यूम शेपर वापरत असाल, तर उभ्या रेषेऐवजी तेवढा उतार द्या. उतारामुळे बेस आणि किक क्षणभर एकमेकांवर चढत असतील, तर लुक-अहेड (सिग्नल थोडा आधी पाहण्याची सोय) वापरून उतार किकच्या जरा आधी सुरू करा.

१२. मास्टरवर (पूर्ण मिक्सवर) लिमिटर, म्हणजे शिखरं मर्यादेपुढे जाऊ न देणारं साधन, लावल्यावरच किक फाटते. काय करू?

लिमिटर बायपास करून खात्री करून घ्या. किक एकटीच त्याला ५-६ डेसिबल दाबायला लावत असेल, तर तो भार आधीच वाटून टाका: किकच्या ट्रॅकवर सॉफ्ट क्लिपरने २ डेसिबल, ड्रम बसवर १, उरलेलं लिमिटरवर. लिमिटरचा रिलीज फार वेगवान असेल, तर प्रश्न ८ मधली खरखर इथेही होते. सीलिंग ट्रू पीक उणे १ डेसिबलवर ठेवा. एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वर उसळतात आणि नाहीतर तिथेच क्लिप होतात.

१३. रात्री किक परफेक्ट वाटते, सकाळी पुन्हा टोचते.

थकलेल्या कानाला वरच्या फ्रिक्वेन्सी बोथट वाटतात, म्हणून रात्री माणूस टक्क वाढवत जातो. दर ४०-४५ मिनिटांनी दहा मिनिटं शांतता ठेवा. आणि प्रत्येक प्लगिन तपासताना आधीचा आणि नंतरचा आवाज एकाच पातळीवर आणा. १ डेसिबलने मोठं झालेलं जवळजवळ नेहमी "जास्त चांगलं" वाटतं, आणि कापल्यामुळे लहान झालेलं "मेलेलं".

१४. स्पीकरवर किक बोचते, हेडफोनवर नाही. कोणावर विश्वास ठेवू?

या बाबतीत हेडफोनवर. खोलीतल्या उभ्या लहरींमुळे बसायच्या जागी ५० किंवा ८० हर्ट्झ गायब होऊ शकतो. मग ऐकू येते ती फक्त टक्क, आणि तीही उघड्या भिंतींवरून परतून. खुर्ची अर्धा मीटर मागेपुढे करून ऐका. किकचं वजन बदललं, तर दोष खोलीचा आहे. अशा खोलीत टक्क कापत बसलात, तर बाहेर किक मेणचट वाजेल.

आवाजाची पातळीही बघा. हळू ऐकताना कान खालचे सूर सर्वांत जास्त गमावतो आणि टक्क पुढे आल्यासारखी वाटते. म्हणून किकचा निर्णय मध्यम पातळीवर घ्या, मग एकदा मोठ्याने आणि एकदा हळू तपासा.

१५. मऊ केल्यावर फोनवर किक ऐकूच येत नाही.

फोनचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवत नाही. तिथे किक कळते ती टक्क आणि हार्मॉनिक्समुळेच. म्हणून टक्क पूर्ण मारू नका, तिची जागा बदला: ३.५ किलोहर्ट्झला ४ डेसिबल कापा आणि १ ते १.५ किलोहर्ट्झला १-२ डेसिबल द्या. तिथे टक्क "ठक" होते, टोचत नाही. जोडीला किकची एक प्रत समांतर ट्रॅकवर घ्या, ती जोरात सॅच्युरेट करा, १५० ते ८०० हर्ट्झपुरती ठेवा आणि मूळ किकखाली जेमतेम मिसळा. हार्मॉनिक्स ऐकू आले की मूळ सूर न वाजताही कान तो भरून काढतो.

१६. बोच सुरुवातीला नाही, किकच्या शेवटी "टिक" येते.

शेपूट शून्यावर पोहोचायच्या आत कापली गेली आहे. ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड-आउट द्या. फक्त जलद ठोक्यांमध्ये येत असेल, तर नवा ठोका जुन्याला तोडतोय. किक आखूड करा किंवा सॅम्पलरचा रिलीज १० मिलिसेकंद ठेवा.

१७. टेक्नोसारखा रम्बल (किकच्या मागे घुमणारा खालचा गडगडाट) करतो, पण रिव्हर्बमधून थुंकल्यासारखा "त्स्स" येतो.

रिव्हर्बला टक्क पोहोचतेय आणि तो तिलाच पसरवतोय. रिव्हर्बच्या नंतर फिल्टर असेलच. आता एक आधीही लावा, लो-पास १५० ते २०० हर्ट्झवर. रिव्हर्बमध्ये टक्क गेलीच नाही, तर ती पसरणार कुठून?

१८. हार्डस्टाइल, गॅबर, हार्ड टेक्नोमध्ये किक मुळातच कर्कश असते. तिथे मऊ करायचं म्हणजे काय?

इथे कर्कशपणा काढायचा नाही, त्याला आकार द्यायचा. आधी किक दुभंगा: १०० हर्ट्झच्या खालचा भाग स्वच्छ आणि मोनो ठेवा, डिस्टॉर्शन फक्त वरच्या भागाला. एका डिस्टॉर्शनला २० डेसिबल ढकलण्यापेक्षा तीन टप्प्यांत ५-६ डेसिबल द्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर ९-१० किलोहर्ट्झवर लो-पास ठेवा. नाहीतर पहिल्या टप्प्याची किरकिर पुढचा टप्पा आणखी फुगवतो.

या किकमधला किंचाळणारा सूर बहुतेक वेळा डिस्टॉर्शनच्या आधी दिलेल्या इक्यूच्या उंचवट्यातून येतो. तो उंचवटा अरुंद असेल, तर क्यू निम्मा करा आणि २-३ डेसिबल उतरवा. नंतर कापण्यापेक्षा आधी कमी देणं इथे कितीतरी प्रभावी ठरतं. शेवटी ३ ते ४ किलोहर्ट्झवर डायनॅमिक इक्यू: ही किक लांबपर्यंत कर्कश राहते, त्यामुळे त्याला खरोखर काम मिळतं.

१९. माझ्याकडे फक्त तयार लूप आहे, किक वेगळी नाही.

डायनॅमिक इक्यूचा खड्डा ३ ते ४ किलोहर्ट्झवर ठेवा, पण त्याला चालना खालच्या पट्ट्यातून द्या: साइडचेन फिल्टर ५० ते ८० हर्ट्झवर. किक पडली की वरचा पट्टा ३ डेसिबल दबेल, एरवी हॅटला हात लागणार नाही. रिलीज ३० ते ४० मिलिसेकंद. प्लगिनमध्ये सोय असेल, तर फक्त मिड चॅनेलवर लावा, कारण किक मध्यभागी असते आणि हॅट, पर्कशन बऱ्याचदा बाजूंना.

किकबरोबरच एखादी हॅट पडत असेल, तर तीही दबेल. ते टळत नाही. फार खटकलं, तर लूपचे तुकडे करा आणि फक्त किकच्या तुकड्यांना १-२ मिलिसेकंदांचा फेड-इन द्या. लूपमध्ये घुमणारा बेस असेल, तर हा तुकड्यांचा उपाय चालणार नाही: प्रत्येक सांध्याला बेसची लहर तुटेल आणि प्रश्न ११ मधली टक्क परत येईल.